आडव्या पाइपांचं दार

आमच्या वस्तीत बाई रिकाम्या हातानं चालत नाही. पिशवी, कळशी, दळणाचा डबा, हातात काहीतरी लागतंच. असा कुणी नियम केलेला नाही, पण नुसती हात हलवत चाललेली बाई दिसली की ओट्यावरून कुणीतरी विचारतंच, "काय गं, काय झालं?" म्हणजे कुणी दवाखान्यात आहे, नाहीतर घरात भांडण झालंय, असं धरून चालायचं. तब्येतीसाठी चालणं हे आमच्याकडे तब्येत गेल्यावरचं काम. एरवी माणूस कुठंतरी जात असतो, नाहीतर कुठूनतरी येत असतो.

माझी आईही अशीच जन्मभर चालली. भिसेगावच्या पुढे टेकडीच्या अंगाला बंगले झालेत, त्यातल्या दोन बंगल्यांवर ती झाडलोट आणि भांडी करायची. जाताना पायी, येताना पायी. मालक मंडळी शनिवार-रविवारी यायची आणि सकाळी उठून, कानात काहीतरी खुपसून त्याच रस्त्यानं फिरायला निघायची. आई त्यांना ओलांडून त्यांच्याच घरची भांडी घासायला जायची. "त्यांच्या हातात काय नसतं," ती मला सांगायची. "पाण्याची बाटली तेवढी. आता घराजवळच फिरतात, तर पाणी घरी नाय का पिता येत?" यात तिला खरंच कोडं पडायचं.

घरात आम्ही दोघीच. वडील मी शाळेत असताना गेले, माझं लग्न झालं आणि मोडलं, आणि मी परत आले. कुंभिवलीच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. पहाटे कंपनीची बस, दुपारनंतर कंपनीची बस. दिवसभर उभं राहून खोक्यांना पट्टी मारायची. त्यामुळे चालण्याबद्दल मला कधीच प्रेम नव्हतं, बसायला मिळालं की बसायचं एवढंच कळायचं.

आमचं घर ओळीतलं शेवटचं. मागच्या खिडकीपलीकडे उघडं गटार, आणि गटारापलीकडे एक मोकळा पट्टा होता. तिथं म्हशी बसायच्या, कचरा पडायचा, पावसाळ्यात टाकळा उगवायचा. काही वर्षांपूर्वी त्या पट्ट्याला योजना लागली. गरिबांच्या वस्त्यांत लोकांना साखर, ब्लडप्रेशर वाढतंय, त्यांना चालायला-खेळायला जागा नाही, म्हणून शहराची आखणीच अशी करायची की माणूस आपोआप हालचाल करील, असं काहीसं ते धोरण होतं. विहारात बैठक झाली. योजनेच्या एक बाई आल्या होत्या, मनानं चांगल्या होत्या. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. चित्रात झाडं, लाल रंगाची वाट आणि त्यावर पळणारी उंच उंच माणसं. एकाच्या हातात कुत्र्याची दोरी. बाई म्हणाल्या, शरीराला हालचाल हवी. माझी आई पुढच्या सतरंजीवर बसली होती, दोन्ही बंगल्यांची कामं उरकून आली होती. तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं की बाई, जरा हालचाल करा.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला तिथं काय हवं? पुरुषांनी दिवे मागितले, पोरांनी क्रिकेटची जाळी. बायका गप्प. बायकांना कुणी विचारतंय हेच आधी पटायला लागतं. तेवढ्यात आई उठली.

"गाड्या नकोत," ती म्हणाली. "पोरं मोटारसायकली घालतील. म्हशी बी घुसतील. दार असं करा का फक्त माणूस जाईल."

योजनेच्या बाईंना हे फार आवडलं. वस्तीतूनच मागणी आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ही अगदी वस्तीतून आलेली मागणी होती.

पट्ट्याभोवती जाळी लागली, आत लाल वाटेचा ट्रॅक झाला, तरी पहिलं दार रुंदच झालं. आठवडा जायच्या आत लाल वाटेवर मोटारसायकली फिरायला लागल्या. मग आईनं वस्तीतल्या बाया गोळा केल्या आणि योजनेच्या कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसली. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत, नुसत्या बसल्या. दुपारी साहेब जेवायला बाहेर निघाले तेव्हा त्यांना ओलांडायला वाट नव्हती. महिनाभरात दाराला लोखंडी पाइप लागले. एक पाइप डावीकडून, एक उजवीकडून, मग परत डावीकडून. आत जाताना अंग चोरून दोनदा वळावं लागायचं. मोटारसायकल जाईना, म्हैस जाईना. वस्तीत त्यांना आईचे पाइप म्हणायला लागले, आणि आई नको नको म्हणत ते ऐकून घ्यायची.

संध्याकाळी बाया ट्रॅकवर जायला लागल्या. सगळ्यांच्या हातात पिशव्या. बाजाराला निघाल्यासारख्या घरातून निघायच्या, आत शिरायच्या आणि गोल गोल फिरायच्या. कडेला व्यायामाची पिवळी-निळी यंत्रं बसवली होती, त्यांच्या दांड्यांना हळूहळू पिशव्या लटकायला लागल्या. ती यंत्रं तेवढ्या कामाची मात्र झाली. आई पिशवी कधी लटकवायची नाही. रेशनची जुनी नायलॉनची पिशवी, घडी करून हातात धरूनच चालायची.

"ट्रॅकवर कोण विचारणार हाय तुला?" मी म्हणायचे.

"विचारणारं माणूस कुटं बी भेटतं, बाय."

दिवसभर चालून आल्यावर परत चालायचं कशाला, हेही मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "ते कामाचं चालणं. त्यात माझं काय हाय?" मग पिशवी उचलून गेली. खिडकीतून मला तिची पाठ दिसायची. बाकीच्या बाया बोलत चालायच्या, ती गप्प चालायची, मान जरा वर करून. घरात तिची मान कधी वर नसायची, म्हणून लक्षात राहिलं.

एका पहाटे मी बसला निघत होते आणि तिच्या अंगावरून वारं गेलं. चहाचं भांडं हातातून सुटलं. मला वाटलं निसटलं. मी म्हटलंही, "आये, जरा बघून." तिनं उत्तर दिलं ते मला कळलं नाही, आणि मग तिचं तोंड एका बाजूला गेलेलं दिसलं. शेजारच्यांनी रिक्षा आणली. पुढचे दिवस पनवेलला दवाखान्यात गेले. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. डबा कोण आणायचं, मी कुठं झोपायचे, काही नाही. लादी कुठल्या रंगाची होती ते आठवतं.

घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या ताईनं मला बाजूला घेतलं. वयानं लहान होती, पण स्पष्ट बोलली. डावा पाय अजून येऊ शकतो. पहिले काही महिनेच काय ते. सपाट जागेवर रोज चालवा. चालतील तर चालायला लागतील, बसतील तर बसूनच राहतील. एवढंच. वॉकर दिला, तो कसा पुढे टाकायचा ते दाखवलं. आई सगळं ऐकत होती. बोलणं परत आलं होतं, जरा जड. "सपाट जागा हाय आपल्याकडं," ती म्हणाली. "खिडकीच्या मागंच हाय."

आता आमची गल्ली. गटारावरच्या फरशा अर्ध्या फुटलेल्या, अर्ध्या हलणाऱ्या. मधे उतार, कडेला उभ्या गाड्या. रस्त्यावर जावं तर पळसदरीला पाणी बघायला जाणाऱ्यांच्या मोटारी अंगावरून गेल्यासारख्या जायच्या. वस्तीत सपाट अशी जागा एकच होती आणि तीही सरकारनं मुद्दाम चालण्यासाठीच केलेली. दोन बाया आणि मी, आईला गल्लीतून सांभाळत दारापर्यंत नेलं. तेवढ्यालाच ती घामाघूम झाली.

वॉकर पाइपांत जाईना. तिरका केला, उभा केला, उचलून फिरवला. पहिल्या वळणाला गेला तर दुसऱ्याला अडकला. आईला एकटीला आडवं सरकवावं तर डावा पाय उचलून वळायला हवा, आणि तोच तर वळत नव्हता. आमच्या मागे बाया पिशव्या घेऊन उभ्या होत्या. आईनं उजवा हात पाइपवर ठेवला, जरा हलवून बघितला.

"चांगला मजबूत बसवलाय," ती म्हणाली.

त्या दिवशी बायांनी तिला दोन्हीकडून धरून, उचलून आत घेतलं आणि वॉकर वरून दिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ती घरातूनच निघेना. "मी काय तांदळाची गोणी हाय का गं? रोज उचलायची नि रोज ठेवायची." तिला लाज वाटत होती. माझ्यासमोर नाही, त्या बायांसमोर. त्यांच्यापुढं चालून ती कचेरीत गेली होती.

पलीकडच्या बाजूला मोठं दार होतं, कचऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी. त्याला कुलूप. किल्ली राखणदाराकडे. तो भला माणूस, काही दिवस येऊन उघडून द्यायचा. मग त्याचं काम संपलं, नवा कुणी आला नाही, आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच सांगता येईना. मी कचेरीत दोनदा गेले. अर्धी हजेरी टाकून जावं लागायचं. तिथं सांगितलं, काढता-घालता येईल असा कुलपाचा पाइप बसवू, पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा कधी, ते वरून कळणार होतं. आणि दवाखान्यातल्या ताईनं सांगितलेले महिने तर चालू झाले होते.

शेवटी बायांनीच ठरवलं. वस्तीत एकाचं ग्रिल बनवायचं दुकान आहे, तो आला आणि मधला पाइप कापून गेला. आई म्हणत होती, "नको रं, कापू नको." पण कापल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच तिनं केस विंचरून ठेवले. वॉकरच्या दांडीला पिशवी अडकवली. निघताना मला म्हणाली, "विचारलं तर बाजारात चालले म्हणून सांगायचं." तोंडाची एक बाजू हसली.

मग ती चालली. आधी दारापासून पहिल्या बाकड्यापर्यंत. मग दुसऱ्या. तिचा डावा पाय वाटेवर घासायचा, खरडल्यासारखा आवाज यायचा. मी स्वयंपाक करताना खिडकीतून तो आवाज ऐकायचे. रोज ऐकून ऐकून मला कळायला लागलं होतं, आज पाय उचलतोय की ओढतोय. घासण्याच्या मधे मधे आता एखादं पाऊल बिनआवाजाचं यायला लागलं. एका संध्याकाळी मी भाकरी थापत असताना आवाजच येईना. मी खिडकीशी धावले. वॉकर बाकड्याजवळ उभा होता आणि आई पुढच्या बाकड्याकडे निघाली होती, हातात फक्त पिशवी. बाया दोन्ही बाजूंनी हात पसरून, तिला न शिवता चालत होत्या. तव्यावरची भाकरी करपली. त्या दिवशी मला आनंद झाला. मला तो नीट आठवतो, कारण पुढचं काही तसं आठवत नाही.

पाइप कापलेला पोरांनाही दिसला होता. आधी दुपारी एखादी मोटारसायकल आत जायची. मग संध्याकाळी. मग तीन-तीन, एकामागून एक, एक चालवणारा आणि एक मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढणारा. समजावलं की आठ दिवस बरं चालायचं. बाया कडेकडेनं चालायला लागल्या, मग कमी यायला लागल्या. आणि एक दिवस आमच्या शेजारणीची सून गाडीला चुकवायला गेली आणि पडली. मनगट मोडलं. ती माझ्यासारखीच कारखान्यात जाणारी, प्लास्टर म्हणजे घरी बसणं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाया आमच्या घरी आल्या. चांगल्या सात-आठ जणी, घर भरलं. मी चहा ठेवला. कोथिंबीर महाग झाली, कुणाच्या पोरीचं जमलं, पौर्णिमेला विहारात खीर कोण करणार, सगळं बोलून झालं. पाइपाचं कुणी काढेना. मधे मधे एखादी कोपऱ्यातल्या वॉकरकडे बघायची आणि लगेच दुसरीकडे. पण त्या उठतही नव्हत्या.

आईनं बशीतला चहा संपवला. "त्यो पाइप लावा परत," ती म्हणाली.

"नाय गं मावशी, आमी काय त्यासाठी..."

"लावा. मीच सांगितलेला ना त्यो. माझ्या एकटीपायी साऱ्या बायांनी घरात बसायचं का?"

"मग तू?" मी विचारलं.

"मी बसते की."

मी कपबशा गोळा करून मोरीत गेले. मला राग यायला हवा होता. पोरांचा, कचेरीचा, बायांचा, निदान तिचा. नळ चालू होता, मी कपबशा विसळत होते, आणि मला काही वाटत नव्हतं. बाहेरून त्या जाताना चपला शोधत होत्या ते ऐकू येत होतं. शेवटची कोण गेली तिनं दार हळूच ओढून घेतलं.

पाइप परत लागला. त्याच माणसानं लावला, पैसे घेतले नाहीत. मी आईला घरातल्या घरात चालवायचे, कॉटपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून कॉटपर्यंत. त्यात चालणं कमी आणि वळणंच जास्त. कामावरून आल्यावर माझेच पाय भरून यायचे. काही दिवस केलं, मग एक दिवस राहिलं, मग दोन दिवस. तिनंही कधी आठवण केली नाही. दवाखान्यातल्या ताईनं सांगितलेले महिने असेच निघून गेले, कधी ते कळलं नाही.

तिनं कॉट खिडकीशी सरकवायला लावली. तिथून गटार, जाळी आणि जाळीपलीकडे ट्रॅक, हाक मारली की ऐकू जाईल इतक्यावर. बाया परत येत होत्या. पहिल्या दिवशी त्या खिडकीवरून जाताना माना खाली घालून गेल्या. दुसऱ्या फेरीला आईनंच विचारलं, "काय गं, कुठं चाललीस?"

जिला विचारलं ती थबकली. मग म्हणाली, "बाजारात."

"मंग मीठ आण."

सगळ्या हसल्या. तेव्हापासून तो रोजचा खेळ झाला. प्रत्येक फेरीला प्रत्येकीला विचारायचं, कुठं चाललीस? बाजारात. मीठ आण, चहा आण, सोनं आण. कुणी आली नाही तर आईला कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई खिडकीशी आली की आधी कारण सांगायची, मग पुढे जायची. काही बाया नुसत्या आईला उत्तर द्यायला येत असाव्यात असं मला वाटतं.

मधे योजनेच्या बाई परत येऊन गेल्या. जागा कशी वापरली जाते ते बघत होत्या. खिडकीशी उभ्या राहून त्यांनी आईला विचारलं, तुम्ही ट्रॅक वापरता का?

"रोज," आई म्हणाली.

"किती वेळ?"

"बाया असतात तोवर."

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, तुमच्या वस्तीतलं दार फार छान झालंय, वस्तीनं सुचवलेलं आहे, दुसऱ्या वस्त्यांतही आता असंच करणार आहोत. आईचा चेहरा उजळला. मी म्हटलं, "वॉकर जात नाही त्यातनं." माझा आवाज खोक्यावरचा पत्ता वाचावा तसा निघाला. बाईंनी आत बघितलं, कोपऱ्यातला वॉकर बघितला, आणि हो, हे घ्यायला हवं, असं म्हणाल्या. घेतलं की नाही ते मला माहीत नाही. त्या गेल्यावर आई म्हणाली, "आपलं दार दुसरीकडं बी लावणार गं." मी हो म्हटलं.

त्यानंतर दुसरा उन्हाळा. मला दुपारपाळी लागली होती. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, फाटकावर निरोप आला. संध्याकाळी पहिल्याच फेरीला एक बाई खिडकीवरून गेली आणि तिला कुणी विचारलं नाही. तिला वाटलं, डोळा लागला असेल. मागून आलेलीलाही विचारलं नाही. मग त्या सगळ्या पाइपांतून अंग चोरत, एकामागून एक बाहेर पडल्या, गल्लीला वळसा घालून आमच्या दारात आल्या. मी पोचले तेव्हा त्यांनी तिला नीट निजवलं होतं. सगळ्यांच्या पिशव्या दारात ढीग करून ठेवलेल्या होत्या. मी त्या ढिगाकडे बघत उभी राहिले. कुणीतरी मला रड म्हणालं. मला रडू आलं नाही.

आता मलाही साखर निघालीय. कंपनीच्या तपासणीत कळलं. डॉक्टर म्हणाले, चाला. पहिल्या दिवशी मी नुसतीच निघाले होते, ओट्यावरून विचारणा झाली, काय गं, काय झालं? मग मी परत घरात आले आणि आईची नायलॉनची पिशवी घेतली. पाइपांत शिरताना मी अंग चोरलं आणि दोनदा वळले. मला काहीच अडचण आली नाही.

खिडकी मी आतून लावून घेतलेली आहे, संध्याकाळी डास येतात. माझ्या पुढे शेजारीण चालली होती. आमच्या खिडकीशी आल्यावर तिनं मान वळवली नाही, थांबली नाही, चालता चालता नुसतं म्हणाली, "बाजारात." कुणी विचारलं नव्हतं. तिच्या पुढचीही काहीतरी तसंच बोलून गेली असावी. मग मी खिडकीशी पोचले. पलीकडे आमचंच घर होतं, कॉट होती, कोपऱ्यात वॉकर होता.

"मीठ आणते, आये," मी म्हटलं. मागून बाया येत होत्या, म्हणून पुढे चालत राहिले.